खांबेटे आला

चपलेचा अंगठा तुटला नसता, तर यज्ञेश्वरपंत खांबेटे यांना आपण कोण आहोत याचा पत्ता मरेपर्यंत लागला नसता. आणि ते एका परीने बरंच झालं असतं, कारण पेन्शनीत निघाल्यावर असल्या माहितीचा माणसाला उपयोग काय? पण कसब्यातल्या त्या तीन मजली इमारतीच्या जिन्यात, दिवेलागणीला, गणपतीचं दर्शन घेऊन परतताना पहिल्या मजल्याच्या वळणावर उजव्या चपलेचा अंगठा तुटला आणि ते थांबले. एरवी ते थांबत नसत. त्यांच्या जिना चढण्याला एक लय होती: काठी, पाऊल, पाऊल, वळणावर घसा खाकरणं, पुन्हा काठी. पुरानंतर ही इमारत उभी राहिली तेव्हापासून ती लय जिन्याला पाठ होती. त्या दिवशी ती मधेच तुटली, खाकरणं घशातच राहिलं, आणि वासंतीच्या अर्धवट लोटलेल्या दारातून तिचा आवाज बाहेर आला. आवाज गोड होता. भोंडल्याची गाणी म्हणताना बायकांचा लागतो तसा. "मीट डोळे. मीट पाहू पटकन. जिन्यात खांबेटे आला बघ." आत तिच्या चिमीचं मघापासून एकसुरी रडणं चालू होतं, ते नळ पिरगाळावा तसं बंद झालं. शेवटचा एक थेंब, एक हुंदका, तेवढा पडला. मग काहीच नाही. यज्ञेश्वरपंत हातात चप्पल घेऊन एका पायावर उभे होते. खालून तांबट आळीतल्या शेवटच्या हातोड्याचे ठोके येत होते. आपल्याला आता खाकरता येणार नाही, आणि न खाकरता इथून पुढे जाताही येणार नाही, असं त्यांना काही क्षण वाटलं. शेवटी ते चोरासारखे वर गेले. स्वतःच्याच घरी, भाड्याची पावती नावावर असताना.

पहिला चटका बसला तो 'आला'चा. माणसाने एकतीस वर्षं वजनमापे खात्यात काढावीत, बुधवारातल्या गब्बर व्यापाऱ्यांनी गादीवरून उठून 'या साहेब, बसा साहेब' करावं, आणि एका कारकुनाच्या बायकोने आपल्याला एकेरीत आणावं. भिववायचंच असेल तर 'खांबेटे आले' असं म्हणून भिववता येत नाही का? ही भाषेची हेळसांड झाली. या मुद्द्यावर ते खानावळीचा डबा उघडेपर्यंत टिकले. डब्यातली भेंडी गार होती. पहिला घास चावताना त्यांच्या लक्षात आलं की आपण मुद्दा जाणूनबुजून चुकीचा धरला आहे; खात्यात असताना व्यापारी करत तसं. पारड्याखाली चिंच चिकटवलेली सापडली की ते आधी दुकानाच्या छपराविषयी बोलत. मग ते उठले आणि कपाटाच्या आरशासमोर गेले. आरशात एक बऱ्यापैकी उंच, बऱ्यापैकी वाळलेला माणूस होता. भुवया जाड होत्या हे खरं. पण भुवया जाड असणं हा काही गुन्हा नव्हे. कित्येक कीर्तनकारांच्या असतात. त्यांनी थोडं हसून पाहिलं. खालची कवळी किंचित पुढे सरकली आणि आरशातला माणूस कोणाला तरी पोत्यात घालायला निघाल्यासारखा दिसला. त्यांनी दिवा मालवला. अंधारात आरसा तसाच उभा राहिला, आणि त्यांना वाटलं, त्यात तो अजून असणार. आपण गेलो तरी तो तिथेच असणार.

पोत्याची कल्पना त्यांना आपोआप सुचली नव्हती. ती जुनी होती. त्यांच्या स्वतःच्या लहानपणी, इंग्रजाच्या काळात, याच कसब्यात जब्बार पिंजारी होता. खांद्यावर ती माणसाएवढी लांब कमान, तिला ताणलेली तात, आणि गल्लीच्या तोंडाशी आला की तो तातीवर एकदा बोट मारी. टँव. तेवढाच आवाज. त्या आवाजाने दारं उघडत, जुन्या गाद्या बाहेर येत, आणि अंथरुणातली पोरं पांघरुणात जात. जब्बार मुलांना पोत्यात घालून नेतो, त्यांचा कापूस पिंजतो आणि गादीत भरतो, असं यज्ञेश्वराच्या आईने त्याला सांगितलं होतं. आई खोटं बोलत नसे. त्यामुळे छोटा यज्ञेश्वर कित्येक वर्षं गादीवर अगदी हलकेच झोपत आला. आत कोण असेल, त्याला लागायला नको म्हणून. पुढे खात्यात लागल्यावर एकदा ते जब्बारच्या दुकानी तराजू तपासायला गेले. म्हातारा झाला होता. दाढीत, पापण्यांत, कानाच्या केसांत कापसाचे तंतू अडकलेले. वजनं खरी निघाली. शिक्का मारून घेताना तो सहज म्हणाला की, साहेब, आयुष्य गेलं या गल्लीत, पण एकाही पोराने कधी माझ्या हातून खाऊ घेतला नाही, काय कारण असेल? यज्ञेश्वरपंतांनी तेव्हा गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं की हल्लीच्या मुलांना शिस्त नाही. आणि बाहेर आल्यावर त्यांना हसू आलं होतं. चांगलं खळखळून. ते हसू आज पोटातून पुन्हा वर यायला लागलं तेव्हा त्याची चव भेंडीसारखी होती, बुळबुळीत.

पण तरीही झोप लागली असती. माणूस अशा गोष्टींवर झोपू शकतो. लागली नाही ती आनंदीबाईंमुळे, आणि आनंदीबाई जाऊन तर चार वर्षं झाली होती. बायकोने मेल्यावर नवऱ्याला जागं ठेवण्यात काही विशेष नाही, पण आनंदीबाईंचा तो स्वभाव नव्हता. त्यांना आठवलं ते घर. दीनानाथ लहान होता तेव्हाचं. फिरतीवरून, कचेरीतून ते परत येत तेव्हा घर किती शांत असे. मूल झोपलेलं, दिवा बारीक केलेला, बायको ताटाशी बसलेली. शेजारच्या घरी कारटी थैमान घालत, आणि आपल्या घरी ही शांतता. ते चारचौघांत सांगत: आमच्या दिनूचा कधी त्रास म्हणून झाला नाही, मी यायच्या आत झोपलेला असतो. मी यायच्या आत. ते वाक्य त्यांनी किती वेळा, किती अभिमानाने, बिडी न ओढणाऱ्या माणसाच्या अभिमानाने म्हटलं होतं. आज अंथरुणात त्यांनी ते उलटं करून पाहिलं आणि त्याच्या खाली चिंच चिकटवलेली सापडली. आनंदीबाई मुलाला थोपटत काय म्हणत असेल? तिचा आवाजही गोड होता. एकदा ते जरा लवकर आले होते, तेव्हा दारातून त्यांना दिसलं होतं: दिनू पलंगावर उताणा, डोळे घट्ट मिटलेले, इतके घट्ट की नाकाच्या मुळाशी सुरकुत्या पडलेल्या. ते तेव्हा बायकोला म्हणाले होते, बघ, झोपेतसुद्धा कसा विचार करतो. तिने ताट वाढलं होतं. लग्न झाल्यापासून तिने त्यांना कोणतीही गोष्ट सांगितली नाही, वेळच्या वेळी ताट तेवढं वाढलं.

सकाळी ते वासंतीकडे गेले नाहीत, कारण सकाळी माणूस पुरेसा रागावलेला नसतो. संध्याकाळी गेले. जाण्यापूर्वी त्यांनी वाक्य तयार केलं होतं: 'आपल्या घरात माझ्या नावाचा जो उपयोग चालतो, त्यासाठी माझी संमती घेतलेली नाही.' वाक्य चांगलं होतं. त्यात एक कचेरीचा गारवा होता. दार वासंतीने उघडलं. केस विस्कटलेले, पदर खोचलेला, डोळ्यांखाली शाई सांडल्यासारखी काळी वर्तुळं, आणि आत चिमी तारस्वरात. वासंती त्यांच्याकडे बघतच राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते शरम नव्हती, ओशाळलेपण नव्हतं. रॉकेलच्या रांगेत आपला नंबर आल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर येतं ते होतं.

"काका, देवासारखे आलात," ती दबक्या आवाजात म्हणाली. "दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. जरा एकदा खाकरता का?"

यज्ञेश्वरपंतांनी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं. पण वाक्य बोलायचं तर आधी घसा साफ करावा लागतो, ही त्यांची जन्माची सवय. आणि ते खाकरले. आतलं रडणं जागच्या जागी मेलं. दोघंही दारात उभी राहून ऐकत होती. आत एक लहानसा श्वास, कोणीतरी हाताने दाबून धरल्यासारखा, आत बाहेर, आत बाहेर. मग तो लांब झाला. वासंतीने डोळे मिटले आणि कपाळ चौकटीला टेकवलं. ती उभ्याउभ्या झोपते की काय असं त्यांना वाटलं. आणि मग यज्ञेश्वरपंतांच्या बरगड्यांच्या आत काहीतरी ऊबदार पसरलं. ते त्यांच्या ओळखीचं होतं. बुधवारात दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवलं की आतली बडबड थांबे, मापं हातातल्या हातात राहत, आणि त्या शांततेतून चालत ते तराजूपाशी जात. पेन्शनीत निघाल्यापासून कोणीही त्यांना पाहून बोलायचं थांबलेलं नव्हतं. उलट लोक त्यांच्या देखत जास्तच मोठ्याने बोलत.

"निदान 'आले' म्हणत जा," एवढंच ते म्हणाले.

"म्हणून पाहिलं हो," वासंती म्हणाली. "नाही झोपत."

त्यानंतरचा काळ यज्ञेश्वरपंतांच्या पेन्शनीतला सर्वांत भरगच्च काळ होता. बातमी जिन्यातून वर गेली आणि खालीही गेली. दुसऱ्या मजल्यावर जुळी होती. त्यांना एक खाकरणं पुरत नसे, काठी दारावर टेकवावी लागे. तळमजल्यावरच्या बुकबाइंडरची सून जुबेदा आपल्या मुलाला 'सो जा, खांबेटे आया' म्हणे; या एका बाबतीत इमारतीत हिंदू-मुसलमान असा काही भेद राहिला नव्हता. दिवेलागण झाली की पंत कोट घालत. कोटाची खरं तर जरूर नव्हती, दाराआडून दिसत नाही, पण बिनकोटाचं खाकरणं त्यांचं त्यांनाच पोकळ वाटे. मग ते वरून खाली आणि खालून वर अशी फेरी मारत. प्रत्येक दारापाशी आतला कल्लोळ, मग ती गोड हाक, मग आपण, मग शांतता. शांतता मागे सोडत जिना चढताना त्यांना वाटे, आपण दिवे मालवत चाललो आहोत, आणि तो विचार त्यांना आवडे. बायका कृतज्ञ होत्या. कोणी अळूचं फदफदं पाठवी, कोणी वाटीभर खीर. एका बाईने शनिवारात बहिणीकडे दोन दिवस येता का म्हणून विचारलं, पण बाहेरची कामं घेणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही. फक्त एक गोष्ट त्यांनी स्वतःशीही कबूल केली नव्हती. सकाळी जिन्यात मुलं खेळत असत, आणि ते उतरायला लागले की जिना रिकामा होई. पायऱ्यांवर एखादी भिंगरी अजून फिरत असे. ती थांबेपर्यंत ते उभे राहत आणि मग पुढे जात. खिशात श्रीखंडाच्या गोळ्या असत. त्या कागदाला चिकटून गेल्या होत्या.

आणि मग दीनानाथ आला. तो हडपसरला कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्यांत राहत असे. येई तो सणावारी, आणि आला की घड्याळ बघत बसे. या वेळी त्याने घड्याळ पाहिलं नाही. त्याचे डोळे वासंतीच्या डोळ्यांसारखे झाले होते. त्याने जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा की, त्याच्या मुकुंदाला अजून तीन वर्षं पुरी नाहीत, पण तो रात्री झोपत नाही. म्हणजे झोपतो आणि दचकून उठतो, उठला की उजाडेपर्यंत घर उठवतो. जायफळ झालं, दृष्ट काढून झाली, डॉक्टर झाला. त्याची बायको शालू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर बसल्या बसल्या झोपली आणि तिला मेमो मिळाला. आता पोराजवळ झोपायला मायेचं कोणीतरी माणूस हवं. खोलीत खाट एकच मावते. त्या खाटेवर एक तर शालूची आई साताऱ्याहून येईल, नाहीतर बाबा, तुम्ही. शालूचं म्हणणं, आधी आठवडाभर इथे येऊन बघू. तुमच्याजवळ झोपला तर तुम्हीच चला. कायमचे. हे सगळं दीनानाथ खिडकीबाहेर बघत बोलला. बापाच्या तोंडाकडे पाहून बोलायची त्याला लहानपणापासून सवय नव्हती.

तो गेल्यावर यज्ञेश्वरपंत बराच वेळ खोलीच्या मधोमध उभे राहिले. खाट. हडपसरच्या खोलीत, एका भिंतीला लागून, एक खाट. सकाळी चहाच्या कपांचा आवाज, कोणाचं तरी टॉवेल शोधणं, आंघोळीच्या नंबरावरून कुरबूर, जेवताना समोर दुसरं ताट. डब्याचं झाकण उघडताना जो टिनाचा आवाज होतो, तो परत ऐकायचा नाही. आणि त्या खाटेवर आपल्या दंडावर डोकं ठेवून झोपलेलं एक मूल. त्यांनी आयुष्यात कधी मूल झोपवलं नव्हतं. शांत केली होती, आता तर घाऊक. पण झोपवलं नव्हतं. झोपलेल्या मुलाचं डोकं जड होतं म्हणतात. दंडाला रग लागते, तरी हात काढवत नाही, असं आनंदीबाई एकदा म्हणाली होती. ती रग कशी असते हे त्यांना मरण्यापूर्वी एकदा पाहायचं होतं. एवढी साधी इच्छा आपल्याला इतक्या उशिरा का व्हावी, याचं त्यांना नवल वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

त्यांनी तयारी केली. गादी पिंजून घेतली. कोट पेटीत घातला. काठीच्या टोकाला रबर बसवलं. आरशासमोर हसण्याचा सराव केला, खालची कवळी काढून केला तर चेहरा बराच गरीब दिसतो असा शोध लागला. अंगाई येत नव्हती. त्यांना पाठ होते ते पाढे, पावकी आणि निमकी, तेव्हा त्यांनी पावकीलाच चाल लावली. एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण. हलक्या आवाजात म्हटली तर ती वाईट लागत नव्हती. चार पाव एक म्हणताना तर गळा जरासा भरून येई. मग ते घरोघर जाऊन सांगून आले की आठवडाभर फेरी बंद, आणि माझं नावही कोणी घेऊ नये. दुसऱ्या मजल्यावर थोडी कुरकुर झाली. वासंती म्हणाली, "काका, घरात नातू येणार म्हणता. मग तर तुम्ही हाताशीच असणार की." तिला गोष्ट समजावून सांगायला त्यांना तोंड सापडलं नाही. 'मला भिऊ नका असं मुलांना सांगा' हे वाक्य पुण्यात कोणत्या चेहऱ्याने म्हणायचं असतं, कोण जाणे.

मंडळी रविवारी दुपारी आली. शालूने वाकून नमस्कार केला आणि उठताना भिंतीला धरलं, इतकी ती थकलेली होती. मुकुंदा तिच्या खांद्यावरून आजोबांकडे टकमक बघत होता. मग त्याने हात पुढे केला आणि त्यांची जाड भुवई धरून ओढली. ओढून पाहिली, सुटत नाही म्हणून हसला. यज्ञेश्वरपंत हलले नाहीत. डोळ्यात पाणी आलं, ते भुवईमुळे. तो सगळा दुपारचा वेळ त्यांना पुढे आठवायचा तो उजेडासारखा: पोरगं त्यांच्या मांडीवर चढत होतं, काठीचं रबर चावत होतं, चिकटलेल्या गोळ्या कागदासकट चोखत होतं. शालू चटईवर पडल्या पडल्या बघत होती आणि एकदा दीनानाथला म्हणाली की, मामंजी असे असतील असं तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. दीनानाथ गॅलरीत जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी दार उघडं होतं. मुकुंदा जिन्यात उतरला. यज्ञेश्वरपंतांना दारातून तो पायरीवर बसलेला दिसत होता, आणि एक पायरी खाली चिमी उभी होती. चिमी मोठी समजूतदार मुलगी. नव्या पाहुण्याला जे जे ठाऊक असायला हवं ते ती त्याला मन लावून सांगत होती. कुठली पायरी हलते. मांजर कुठे विते. मग तिने वरच्या दाराकडे बोट केलं, आवाज खाली आणला आणि त्याच्या कानाला तोंड लावलं. पंतांना शब्द ऐकू आले नाहीत. ऐकण्याची जरूर नव्हती. ते स्वतः जब्बारबद्दल शेजारच्या पोराला सांगताना असेच कानाला लागले होते. मुकुंदाची मान हळूहळू वळली. तो दाराकडे बघू लागला. त्याने पाहिलं ते दुपारचंच तोंड, त्याच भुवया. पण तो आता त्या भुवयांकडे अशा नजरेने बघत होता की त्या आपल्याच कपाळावर वळवळताहेत असं यज्ञेश्वरपंतांना वाटलं. त्यांनी गोळी पुढे केली. मुकुंदा उठला, एकेक पायरी चढत आला आणि त्याने गोळी घेतली. निमूटपणे, हात लांब करून घेतली, आणि तोंडात न घालता मुठीत धरली. शालू आतून म्हणाली, "बघा, कसा शहाण्यासारखा वागतोय."

जेवणं झाली. गादी घातली होती. दीनानाथ आणि शालू बाहेरच्या खोलीत बसली, कान इकडे लावून. दाराखालून दिव्याची एक पट्टी आत येत होती आणि त्या पट्टीत त्या दोघांच्या पायांच्या सावल्या अजिबात हलत नव्हत्या. मुकुंदाला आईने आणून ठेवलं तेव्हा त्याने तिच्या मंगळसूत्राची एक वाटी पकडून ठेवली होती. तिने ती बोटं एकेक करून सोडवली. तो रडला नाही. शालूला याचंच फार कौतुक वाटलं. दार लोटलं गेलं. यज्ञेश्वरपंत शेजारी आडवे झाले, अगदी हलकेच, गादीत कोणी असावं तसे. त्यांनी दंड पसरला. "ये," ते म्हणाले. आपला आवाज त्यांना ओळखू आला नाही; गोड होता. मूल आलं. सांगितल्याबरोबर आलं, दंडावर डोकं ठेवलं आणि डोळे मिटले. त्यांनी पावकीचा पहिला शब्द जिभेवर घेतला होता, तो तसाच राहिला. गरजच पडली नाही. एवढंसं शरीर, फळीसारखं ताठ. केसांना आईच्या तेलाचा वास. दंडावरचं डोकं जड नव्हतं, अजिबात नव्हतं. पोरगं मानेने ते तोलून धरत होतं, आजोबांना लागू नये म्हणून, किंवा आजोबा लागू नयेत म्हणून. त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट अंधारात त्याच्या चेहऱ्याजवळ नेलं. पापणी बोटाखाली थरथरत होती, पकडलेल्या फुलपाखरासारखी, आणि नाकाच्या मुळाशी बारीक बारीक सुरकुत्या होत्या. त्या सुरकुत्या त्यांनी पूर्वी कुठे पाहिल्या ते त्यांना माहीत होतं.

आता काय करायचं हे अगदी सोपं होतं. उठायचं, दार उघडायचं, मुलाला आईच्या हातात द्यायचं आणि सांगायचं: हा झोपलेला नाही, हा मला भितो आहे, साताऱ्याला पत्र टाका. सरळ, चार शब्दांचं काम. यज्ञेश्वरपंतांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या तराजूची दांडी बोटाच्या टोकाने सरळ केली होती. त्यांनी खरोखरच उठायला सुरुवात केली. कोपर गादीत रुतलं. तेवढ्या हालचालीने मुलाचा श्वास बंद झाला. पूर्ण बंद. आणि मग अंधारातून, ओठ न हलवता, कोणालाही त्रास होऊ नये इतक्या हळू आवाजात मुकुंदा म्हणाला,

"मी झोपलोय."

बाहेरच्या सावल्या हलल्या. "मामंजी," शालूचा आवाज आला, त्यात एवढी आशा होती की तो चिरकला, "झोपला का हो?"

यज्ञेश्वरपंत कोपरावर टेकून तसेच राहिले. दारापलीकडे हडपसरची खाट होती, चहाचे कप होते, टॉवेलवरून कुरबूर होती. अलीकडे एक मूल होतं, सगळी ताकद लावून डोळे मिटून, त्यांच्या उत्तराची वाट पाहत. दोघांनाही एकच उत्तर हवं होतं, असं त्यांना त्या वेळी वाटलं. आणि हे वाटणं किती सोयीचं आहे हेही त्याच वेळी वाटलं.

"शहाणा माझा," ते मुलाच्या कानात म्हणाले. आणि मोठ्याने म्हणाले, "झोपला."

बाहेर शालू रडायला लागली. हुंदके देऊन, तोंडावर पदर धरून, मोकळी मोकळी रडली. दीनानाथ तिला काहीतरी सांगत होता, आणि मग तो दाराशी आला. दार त्याने उघडलं नाही. पलीकडूनच म्हणाला, "बाबा, उद्या सामान बांधू." त्याच्या आवाजात काय होतं ते लाकडातून नीट कळलं नाही. पट्टीत त्याची पावलं दिसत होती. मग दिवा मालवला गेला आणि पट्टीही गेली.

यज्ञेश्वरपंत पुन्हा आडवे झाले. दंडाला हलकी रग लागायला सुरुवात झाली होती. वजनाशिवायही लागते तर. शेजारी ते ताठ शरीर श्वास मोजून घेत होतं, आवाज होऊ देत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या पापण्या जड झाल्या. चार वर्षांत अशी झोप आली नव्हती, अंगातून पाणी उतरावं तशी. आनंदीबाई गेल्यापासून या घरात रात्री त्यांच्यासाठी जागं असं कोणी राहिलं नव्हतं. आता होतं.